माझी दिल्लीची नोकरी

नांदेडहून उदगीरला जाताना कंधारच्या पुढं मला हमखास डुलकी लागते, आणि डुलकीत बांगड्या किणकिणतात. अब्बा मनियार. उदगीरच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान हाय. बांगडी सरकवताना ते बाईला बोलण्यात गुंतवतात, म्हणजे तिचा हात सैल पडतो. त्या बोलण्यात बहुतेक मीच असायची.

थोरली दिल्ली सरकारची नोकर हाय, असं ते सांगत. आता काय म्हणावं! मी नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते आणि त्यासाठी केंद्राची अल्पसंख्याकांसाठीची फेलोशिप मिळत होती, इतकंच. पण सरकार दरमहा देतं म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे नोकरी, हे अब्बांचं गणित. किती समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. पुढं पुढं मलाही ते गोड वाटायला लागलं. दुपारच्या उन्हात, दुकानातल्या बांगड्यांच्या रंगीत उजेडात बसून मी खरंच दिल्लीची होऊन जायची.

धाकटी माझ्याहून हुशार. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, संशोधनाचा विषयही ठरवून बसली. आणि तेवढ्यात केंद्रानं ती फेलोशिपच बंद केली. जुन्यांची चालू, नव्यांना न्हाई. म्हणजे माझी राहिली आणि तिची येण्याआधीच गेली. मला लई राग आला, आणि तिच्यासमोर लाजही वाटली.

अब्बा मात्र निर्धास्त. घरी आम्ही दखनी बोलतो, पण मराठीत सांगायचं तर ते म्हणाले, "तू तिथलीच हायस ना? साहेबांच्या कानावर घाल. बहीण हाय म्हणावं."

धाकटी माझ्याकडं बघत होती. मी सांगितलं, अब्बा, तिथं मला कुणी ओळखत न्हाई, मी कुणाची नोकर न्हाई. या वेळी त्यांना पटलं. बराच वेळ ते काचेवरची धूळ पुसत बसले.

धाकटीनं मग लातूरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवायचं कबूल केलं. निघायच्या सकाळी ती दुकानात आली आणि गिऱ्हाइकासारखी अब्बांसमोर बसली. मनियाराची पोरगी, पण हात कायम मोकळे. लॅबमध्ये काच नको म्हणून तिनं कॉलेजपासून बांगडी घातलीच नव्हती. तिनं हात पुढं केला.

"भरा, अब्बा. आता लॅब न्हाई."

अब्बांनी तिचा हात धरला, जरा दाबला, आणि रिकामाच सोडून दिला.

"तुला न्हाई भरायचो मी," ते म्हणाले.