सोवळ्या हौदाची नेब्रिस

रोमन अमलातल्या बाएलोच्या किनाऱ्यावर पूर्वेचा वारा मासळीच्या हौदांचा वास घेऊन सुटला की गावातली बडी माणसं नाकं मुरडत खिडक्या लावून घेतात. आणि जेवायला बसली की मिठात मुरलेल्या मासळीचं तेच गारूम डाळीवर, डुकराच्या मांसावर, अगदी उकडलेल्या अंड्यावरही ओतून घेतात. खायला हवं, हुंगायला नको. नेब्रिस या लोकांना पुरती ओळखून होती. वेत्तियसच्या हौदांवर दासी म्हणून तिचा जन्म गेला होता, आणि हौद कितपत मुरलाय हे ती नुसत्या ढवळायच्या दांड्यावरून सांगायची.

तिच्याकडे सोवळा हौद होता. यहुद्यांना खवल्यांचाच मासा चालतो, म्हणून त्यात बांगडे आणि तारल्या तेवढ्याच पडायच्या. जाळ्यातली मासळी नेब्रिस स्वतः निवडायची. त्या वर्षी वेत्तियसने तिला शब्द दिला होता, "हा हौद हनान्याने उचलला की तुला मोकळी करतो." हनान्या म्हणजे रोमच्या यहुदी वस्तीला माल पुरवणारा व्यापारी. नेब्रिसने उन्हाळाभर तो हौद डोळ्यांत तेल घालून सांभाळला.

गाळायच्या दिवशी सोनेरी गारूम टोपलीतून निथळलं. खालचा चोथा नोकरांच्या भाकरीसाठी काढताना तिच्या बोटांना एक लांबलचक कणा लागला. वामीचा. यहुद्यांच्या लेखी वामीला खवले नाहीत.

जवळ कुणी नव्हतं. कणा समुद्रात भिरकावला असता तर विषय संपला असता. ती तो मुठीत धरून बराच वेळ बसून राहिली. मग उठली आणि मालक नि हनान्या बसले होते तिथे त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

वेत्तियसचा चेहरा पडला. "चव बिघडलीय का?"

"नाही, मालक. फक्कड उतरलंय."

"मग तोंड कशाला उघडलंस? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास की गं."

"पाय माझा आहे, मालक. पण पोटात त्यांच्या जाणार."

हनान्या माल न उचलताच जहाजावर चढला. तो हौद साधं गारूम म्हणून विकला गेला आणि नेब्रिसची सुटका बारगळली. त्या हिवाळ्यात ती पुष्कळ रडली. का रडू नये? पण मासळीचा हंगाम आला तेव्हा ती पुन्हा जाळ्यांपाशी बसली, आणि या खेपेला तिने एकेक मासा दोनदा चाचपला.

नवा हौद गाळून झाला तेव्हा हनान्या परत आला. वेत्तियस हात चोळत उभा होता. हनान्याने गारूम हुंगलं नाही, चाखलं नाही.

"हिला विचारा," तो म्हणाला. "ही सोवळं म्हणाली तर सगळं उचलतो. पुढेही दरसाल."

"सांग ना गं," वेत्तियस म्हणाला.

नेब्रिसने झग्याला हात पुसले. "मी पडले दासी. दासीची साक्ष चाबकाखेरीज खरी धरायची नाही, हा तुमचाच कायदा. मागवता का चाबूक?"

हनान्या दाढीत हसला. वेत्तियसने एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तिने मान खाली घातली नाही. शेवटी त्याने ओळखीची चार माणसं बोलावून आणली आणि त्यांच्यादेखत, जरा कुरकुरतच, तिला मोकळी केली.

मग ती हनान्याकडे वळली.

"उचला," ती म्हणाली. "सोवळं आहे."