मूळच्या राजापूरच्या

पुण्यात आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी मूळ गाव विचारतात. कुसुमवहिनी लग्न होऊन आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत आल्या, तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला त्यांना हा प्रश्न आला आणि त्यांनी खरं उत्तर दिलं.

"कराचीची."

बायकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. एकीने तर "हो का, हो का" म्हणत पदर सावरला आणि जी गेली, ती परत त्यांच्याकडे आलीच नाही.

वहिनींचे आजोबा राजापूरहून कराचीच्या बंदरात नोकरीला गेले आणि फाळणीनंतरही तिथेच राहिले. घरात मराठी, गणपती, पुरणपोळी, सगळं शाबूत. तिथे कोणी विचारलं तर ही मंडळी सांगत, आम्ही मराठी. ऐकणारा म्हणे, म्हणजे हिंदुस्तानी. शाळेच्या दाखल्यावर मात्र पाकिस्तानी. वहिनींच्या यजमानांची, रंगनाथभावजींची, एक आत्या कराचीत दिलेली होती, तिने हे स्थळ जमवलं. सूनबाई मराठी बोलते, मोदकाला कळ्या पाडते, अजून काय हवं?

त्या हळदीकुंकवानंतर सासूबाईंनी, म्हणजे पद्मजाकाकूंनी, त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, "कोणी विचारलं तर मूळची राजापूरची, असं सांगायचं. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. वहिनींनी राजापूर आजतागायत पाहिलेलं नाही, एवढंच. तेव्हापासून भाजीवाली, डॉक्टर, मुलीच्या शाळेतल्या बाई, सगळ्यांना त्या हेच सांगत आल्या. बोलताना "त्रास"च्या जागी "तकलीफ" निसटलं की जीभ चावत. पाकिस्तानी पासपोर्ट म्हणून पोलिसांकडे नोंदणीला जायच्या दिवशी मला सांगत, "ताई, जरा बँकेत जाऊन येते." मला कळायचं. मी म्हणायचे, "या." उगाच खोदून विचारणं मला जमत नाही. पेठेत राहून हा गुण टिकवला, याचा मला अभिमान आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. वहिनींच्या वेळी त्यांना जाता आलं नाही आणि त्यांच्या आईला इकडे यायचा व्हिसाच मिळाला नाही. डिंकाचे लाडू मी केले. ते खाताना त्या हमसून रडल्या आणि पाळण्यातल्या लेकीकडे बघत म्हणाल्या, "कादंबरीचं बाळंतपण मी करणार. काही होवो, मी इथे असणार."

गेल्या उन्हाळ्यात ती वेळ आली. कादंबरी हडपसरच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आली, आणि त्याच आठवड्यात कराचीहून वहिनींच्या भावाचा, बाळचा, फोन आला. आईने अंथरूण धरलं होतं. "ताई, तुझं नाव घेतेय. ये."

दैवाला थट्टा सुचावी तशी त्याच सुमारास सरकारी कचेरीतून खबर आली. इतकी वर्षं फिरत असलेली वहिनींच्या भारतीय नागरिकत्वाची फाईल मंजूर झाली होती. जुना पासपोर्ट जमा करा, नागरिकत्व घेऊन जा. सीमा तेव्हा नुकतीच बंद झालेली. जुन्या पासपोर्टवर पलीकडे सोडत होते, पण परत घेण्याची हमी कोणी देईना. नव्यावर तर जाणंच नाही.

वहिनी माझ्या ओट्याशी येऊन बसल्या. "मी अटारीच्या सीमेवर उभी आणि इकडे कादंबरीला कळा सुरू झाल्या तर? आणि मी इथे लाडू वळत बसले आणि तिकडे आई गेली तर? ताई, काहीतरी सांगा हो."

मी काय सांगणार, कपाळ? रंगनाथभावजी "तू म्हणशील तसं" म्हणून मोकळे झाले होते. मला त्यांचा असा संताप आला! माणसाने एकदा जा तरी म्हणावं, नाहीतर नको तरी म्हणावं. वहिनींनी बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. भरलेली बॅग बघून कादंबरीने जेवणच सोडलं. मग वहिनी गेल्या आणि पासपोर्ट देऊन आल्या. कचेरीतला कारकून म्हणाला, "मावशी, अभिनंदन! पेढे कुठायत?" हे त्यांनी मला जिन्यातच बसून सांगितलं.

त्यानंतर चारच दिवसांनी, मी कादंबरीसाठी खीर घेऊन वर गेले होते, तेव्हा बाळचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर उशीत रुतलेला एवढासा चेहरा. बाळ म्हणत होता, "आई, बघ कोण आहे."

म्हातारीने बराच वेळ निरखून पाहिलं. ओळख लागली नाही. मग परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने तिने विचारलं, "कोण आपण? मूळच्या कुठल्या?"

वहिनींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "राजापूरची."

लगेच त्यांनी तोंडावर हात दाबला. बाळ ओरडला, "आई, अगं ताई आहे!" पण म्हातारीचा चेहरा खुलला होता.

"अगोबाई! आम्हीपण तिकडचेच. माझी कुसुम पुण्याला दिलीय. भेटली तर सांगाल का? म्हणावं, एकदा माहेरी येऊन जा."

वहिनींनी तोंडावरचा हात काढला.

"सांगते," त्या म्हणाल्या.