रिकामं पिस्तूल

सातिवलीतल्या एका गाळ्यात एअर पिस्तूल शिकवतात. शिकवणाऱ्या बाई कळंबच्या, साठीच्या, पदर घट्ट खोचलेल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे, मीही नाव विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी काहीतरी विचारायला मी पिस्तुलासकट मागे वळलो. बाईंनी माझं मनगट धरून नळी निशाणाच्या भिंतीकडे फिरवली.

"अहो, रिकामं आहे ते!" मी चिडलो. "तुम्हीच बघून दिलंत ना?"

"मी बघितलं. तुमी कुठं बघितलं? आज घरी जा."

असा राग आला म्हणून सांगू! पण दुसऱ्या दिवशी हट्टाने गेलो. महिनाभर बाईंनी मला एक छर्रा दिला नाही. नळी समोर ठेवून पिस्तूल उचलायचं, बोट चापापासून लांब, उघडून बघायचं, परत ठेवायचं. त्या स्वतः पिस्तूल साफ करून टेबलावर ठेवायच्या आणि लगेच उचललं तरी पुन्हा उघडून बघायच्या.

एका शनिवारी त्यांनी पिस्तूल पुढे केलं. "रिकामं हाय, घ्या."

बाईंवर माझा पूर्ण विश्वास होता. तरी मी नळी भिंतीकडे धरली आणि उघडून बघितलं. रिकामंच होतं.

बाईंनी छर्ऱ्यांची डबी माझ्यापुढे सरकवली.