पोचवायला आलेली आत्या

आपोआप दारं लागणाऱ्या नव्या पांढऱ्या गाडीत एकदा बसायचंच, असं गेल्या महिन्यात ठरवलं. नाशिकरोडहून मनमाड, तिथून येवला, मैत्रिणीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पैठणीचे माग. मला खिडकी मिळाली होती आणि ते मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले होते. ही चूक झाली.

कारण सायखेड्याहून आत्या पोचवायला आली. आमच्यातलं कोणीही रेल्वेनं निघालं की आत्या डबा घेऊन स्टेशनवर हजर. स्वतः मात्र ती आजवर कधी रेल्वेत बसून कुठे गेली नव्हती. तिला कोणी चल म्हटलं नाही आणि तीही कधी बोलली नाही. पोचवण्याची तिची पद्धत ठरलेली. डब्यात चढायचं, पिशव्या लावायच्या, जाणाऱ्याच्या जागेवर घटकाभर बसून बघायचं, आणि शिट्टी होऊन गाडी हलली की आरामात उतरायचं. जुन्या गाड्याही तिच्या कलानं हलायच्या.

मी पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरले. वळून बघते तर दारं बंद. माझ्या खिडकीत आत्या, मांडीवर माझा डबा. गाडी निघाली. मी फोन लावला.

"अगं, शिट्टीच झाली नाय," आत्या म्हणाली. "आन् गाडी चाललीय का उभी हाय, तेबी कळंना."

"घाबरू नकोस. मनमाडला उतर आणि बाकावर बसून राहा. मी मागच्या गाडीनं येते."

"ये सावकाश. इथं लय गार हाय."

घाबरले होते मी. सत्तरीची बाई, जवळ तिकीट नाही आणि मनमाड म्हणजे केवढं जंक्शन. मागच्या गाडीच्या जनरल डब्यात कशीबशी शिरले. रेल्वे विजेवर आली, स्टेशनांवर सरकते जिने आले, पण जनरल डब्यात आपला पाय अजूनही दुसऱ्याच्याच पिशवीवर असतो. निफाडच्या द्राक्षबागा छान दिसतात म्हणे. मला मनमाडपर्यंत एका काकांची पाठ दिसली.

मनमाडला आत्या बाकावर बसून पदरानं तोंड पुसत होती. रडली बिचारी, असं वाटून मला भरून आलं. तिनं नुकताच माझा डबा संपवला होता.

"टीसी आला होता?"

"आला की. मावशी, तिकीट म्हटला. म्हटलं, दंड घे बाबा, पण खिडकीतनं उठवू नको."

"मग?"

"दंड घेतला. उठवलं नाय. लय भला माणूस."

मनमाडहून येवल्याला एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट आहे. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर असतील तर घाई विसरा. मुक्कामाला आत्या मैत्रिणीच्या गाऊनमध्ये वावरली. दुसऱ्या दिवशी मागावर मी पदरावरचा मोर बघत होते आणि आत्या विणकराला दारं कशी आपोआप लागतात ते हातवारे करून सांगत होती. शेवटी त्यानं माग थांबवला.

घरी आल्यापासून सगळे विचारतात, नवी गाडी कशी आहे? मी आत्याचा नंबर देते. तुम्ही जाणार असाल तर निरोप प्लॅटफॉर्मवरच उरका.

परवा तिला फोन केला. "आत्या, शनिवारी येशील?"

"पोचवायला? येते की."

"पोचवायला नाही. तुझंही तिकीट काढलंय. खिडकीचं."

आत्या हळूच म्हणाली, "मंग आपल्याला पोचवायला कोण येनार गं?"