बाकावर बसून राहिलेली मावशी

कामगारांसाठी मालकाशी भांडणारा माणूस त्याच कामगारांना जेवू घालणाऱ्या बाईला प्रसाद नाकारतो, तेव्हा तुम्ही त्याच्यावर प्रेम कराल की त्याच्याशी भांडाल? आमच्या घरात दोन्ही चालायचं.

डोंबिवलीच्या केमिकल कंपनीने बाबांसकट सगळ्या जुन्या कामगारांना काढलं, तेव्हा ठाण्यातल्या आमच्या फादरांनी चर्चचा हॉल उघडून दिला. कामगारांची पत्रकं चर्चच्याच सायक्लोस्टाईल मशीनवर निघायची. ती पत्रकं वाचतच मी मोठी झाले. कंपनीच्या गेटसमोर फादर स्वतः उपोषणाला बसले. हॉलमागे कामगारांचं जेवण रांधायची माझी मावशी.

मावशीचा पहिला नवरा तिला मारायचा. त्याला सोडून तिने कोर्टात दुसरं लग्न केलं. चर्चच्या लेखी मात्र पहिलंच लग्न खरं, म्हणून तिला ख्रिस्तप्रसाद बंद. दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, सगळा बाक प्रसाद घ्यायला उठून रांगेत जायचा. ती गुडघे आखडून वाट द्यायची आणि एकटी बसून राहायची.

एकदा फादर आमच्याकडे जेवायला आले. त्यांच्या ताटात बोंबील वाढता वाढता मावशीने विचारलंच, "फादर, माझ्या हातचं तुम्हाला चालतं. मग तुमच्या हातचं मला का नाय?"

फादरांनी घास परत ताटात ठेवला. "तुझ्या हातचं खायला मला कुणाला विचारावं लागत नाही, बाय. प्रसाद द्यायला लागतं."

"मग विचारा की!"

"विचारलं बिशपांना. दोनदा."

ते गेल्यावर मी पेटले. "त्यांच्याविरुद्ध पत्रकच काढते!"

"काढ," मावशी हसली. "मशीन मात्र त्यांच्याकडेच मागायला लागेल." मग हळूच म्हणाली, "रविवारपासून मी येत नाय गं. सगळे मला ओलांडून जातात, ते सोसत नाय आता."

त्या रविवारी आईने तिला हाताला धरून आणलं. बाक उठला. आई उठली नाही. रोज जपमाळ केल्याशिवाय न झोपणारी माझी आई प्रसाद सोडून मावशीचा हात धरून बसून राहिली. पुढच्या रविवारी बाबाही बसले. फादरांनी वेदीजवळून पाहिलं. त्यांनी नियम मोडला नाही, पण आईला उठायलाही कधी सांगितलं नाही. मावशी येत राहिली.

तेव्हा राहून गेलेलं माझं पत्रक ते हेच. येत्या रविवारी तुमचा बाक उठेल, तेव्हा मागे कोण उरलंय ते बघा. आणि तेवढा एक रविवार त्यांच्या शेजारी बसून राहा.