करडं इमान

"आधी ती भिंतीवरची इमानं खाली उतरवा, आप्पा. मग बोला."

"उतरवतो की. पण तू टेक तरी, राजे. चहा—"

"चहा न्हाय पायजे मला! तुमाला ठावं होतं का न्हवतं, तेवढंच सांगा."

"काय ठावं?"

"डोळ्याचं!"

राजलक्ष्मी बावड्याहून पहिल्या एसटीनं निघाली ती थेट सांगवीत, माहेरच्या घरात येऊन थडकली होती. हातातली पिशवीही तिनं खाली ठेवली नव्हती. आतल्या खोलीत तिचा शिवम भिंतीकडं तोंड करून पडला होता. आजोळी राहून तो बारामतीला कॉलेज करायचा, आणि संध्याकाळी अकॅडमीत हवाई दलाच्या परीक्षेची तयारी. लढाऊ विमानाचा पायलट व्हायचं, यापलीकडं त्या पोराला दुसरा विचार नव्हता. परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडून आला आणि आडवा झाला.

"मी फोन लावला डॉक्टरला," राजलक्ष्मीचा आवाज चिरकला. "म्हनले, हिरवा-तांबडा न कळायचं हे पोराला आईकडनं येतं, आन् आईला तिच्या बापाकडनं. आईला सवताला मातर सगळं नीट दिसतं. म्हंजी मी मधला नुसता पाट, आप्पा! तुमचं पाणी माज्यातनं वाहत जाऊन पोराच्या डोळ्यात उतरलं."

पाटाचं उदाहरण आप्पांना बरोबर लागलं. उभा जन्म त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काढला होता. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं, कुणाचं दार कधी बंद करायचं, हे त्यांचं काम. पण डोक्यावरून घरघर ऐकू आली की आप्पा फावडं टाकून वर बघत उभे राहायचे. "पाटकरी खाली, ध्यान ढगात!" लोक म्हणायचे. "आप्पा, इमानातनं सोडता का आमचं पाणी?"

संध्याकाळी घरी आले की ते जुन्या कॅलेंडरातली, पेपरातली कात्रणं समोर ठेवून हार्डबोर्डावर विमानं रंगवायचे. प्रवासी विमान कधी नाही. फक्त लढाऊ.

"आप्पा, समदी करडीच का वो?" शिवम लहानपणी विचारायचा.

"लढाईची इमानं करडीच असत्यात, लेकरा."

"इमान न्हाय, विमान! इमान कुत्र्याचं असतं."

"मंग माजंबी कुत्र्याचंच समज," म्हणून आप्पा हसायचे, आणि नातवाच्या नाकाला रंगाचं बोट लावायचे.

करड्याचं खरं कारण जगात एकट्या धोंडाबाईला, त्यांच्या कारभारणीला माहीत होतं. मिसरूड फुटायच्या वयात आप्पा पुण्याला हवाई दलाच्या भरतीला पळून गेले होते. उंची भरली, छाती भरली. मग कुणीतरी पुढ्यात रंगीत ठिपक्याठिपक्यांचं पान धरलं आणि त्यातला आकडा विचारला. आप्पांना नुसते ठिपके दिसले. गावात येऊन त्यांनी सांगितलं, "छाती दोन बोटं कमी भरली." तीच गोष्ट पुढं लेकीलाही सांगितली, नातवालाही. निळं आणि करडं, या दोन रंगांत मात्र त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. म्हणून आभाळ, आणि आभाळातलं करडं विमान.

अडचण एकाच जागी यायची. पंखावरचं ते तीन रंगांचं वर्तुळ. बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. धोंडाबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिनं युक्ती काढली. केशरी रंगाच्या डबीच्या झाकणावर खळीनं मसुरीची डाळ चिकटवली, हिरव्याच्या झाकणावर अख्खा मूग. "चपटं लागलं की भाईर, गोल लागलं की आत. इसरू नगा, धनी." आप्पा झाकणावर अंगठा फिरवायचे आणि बिनघोर रंगवायचे.

धोंडाबाई गेली. मुगाला टोका लागून त्याचा भुगा झाला, डाळही कधीतरी गळून पडली. आप्पांनी दोन्ही झाकणं चाचपली. दोन्ही सारखीच गुळगुळीत. विचारायचं कुणाला? त्यांनी अंदाजानं एक डबी उचलली, शिवमच्या अकॅडमीसाठी मोठ्या हौसेनं एक विमान केलं आणि त्याच्या हाती दिलं. शिवमनं ते फळ्याशेजारी टांगलं.

शिकवणारे सर चित्रापुढं थांबले. "कुणी काढलं हे? हिरवा बाहेर अन् केशरी आत?"

वर्ग हसला. शिवम पुढं गेला, चित्राला नाक लावून बघितलं आणि भाबडेपणानं म्हणाला, "बरोबर तर हाय की, सर."

मग मात्र कुणी हसलं नाही. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

तेच चित्र आता आप्पांच्या घरात दाराआड उभं होतं.

"माज्या डोळ्याचं ठावं होतं," आप्पा हळूच म्हणाले. "भरतीत तितंच घोडं अडलं. छातीचं खोटं सांगितलं मी."

"आन् पोराचं?"

"पोराचं न्हवतं ठावं, बाय."

"आवो, पण सवताचं तरी सांगायचं! धाकटा असतानाच दावला असता कुठं. दुसऱ्या वाटंला लावला असता. तुमी ही चित्रं दावून दावून त्याला वर चढवलात, आन् शिडी न्हाय हे ठावं असून गप बसलात!" तिनं पदरानं तोंड पुसलं. "जलमभर इमानं काढली, आप्पा. घरच्यासंगं इमान मातर राखता आलं न्हाय तुमाला."

आप्पांनी खुर्ची ओढली, चढले, एकेक विमान खिळ्यावरून काढू लागले. राजलक्ष्मी चित्रं खाली घेत होती, पालथी ठेवत होती. भिंतीवर पांढरे चौकोन तेवढे उरले.

दारात शिवम येऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"आई, बास. त्यांना बोलू नको."

"का बोलू नको?"

"त्यांनी काय केलंय? त्यांनाबी माझ्यासारखंच दिसतं."

आप्पा खुर्चीवरून उतरले. पोरानं आपली बाजू घेतली, हे त्यांच्यानं सोसवेना. शिवमनं दाराआडचं चित्र उचललं, त्या वर्तुळावरून बोट फिरवलं.

"आप्पा, एक विचारू?"

"इचार की."

"मी दुसरीत असंन. आजी, तुमी न् मी मिरच्या तोडत होतो. आजीनं फकस्त लाल तोडायला सांगितलेल्या. मी हिरव्या-लाल एकत्रच आणल्या पाटीत. आजी काय बोलली न्हाय, नुसती तुमच्याकडं बघत राहिली. तुमी म्हणालात, पोराचं ध्यान न्हाय." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तवाच कळलं होतं का तुमाला?"

राजलक्ष्मीच्या हातातलं चित्र हातातच राहिलं. ती बापाच्या तोंडाकडं बघत होती.

आप्पांनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली. उंबऱ्याबाहेर वहाणा होत्या. त्या त्यांनी सावकाश पायात घातल्या आणि मागं न बघता कालव्याच्या वाटेला लागले.