हीच मांजर का?

आमच्या मांजरांच्या निवाऱ्यात येणारे लोक बहुतेक पिल्लंच मागतात. त्या दिवशी आलेल्या साठीच्या गृहस्थांनी मात्र मनीकडे बोट दाखवलं. एका डोळ्याने अधू, माणूस दिसला की फिस्कारणारी मनी. "हीच द्या," ते म्हणाले.

हीच का? मला संशय आला. माझ्या हातून खायला तिला तीन महिने लागले होते. घर, गॅलरीची जाळी, डॉक्टर, सगळं मी खोदून खोदून विचारलं. ते शांतपणे उत्तरं देत राहिले. मनी त्यांच्या घरी गेली, माझा संशय गेला नाही. जखमी जनावरं बरी करता करता माणसांवरचा आपला विश्वास कधी आटतो, ते कळतच नाही.

आठवड्याने मी न कळवता त्यांच्या दारात उभी राहिले. "तपासायला आलात ना? या," ते म्हणाले. मी ओशाळले, तरी आत गेलेच. मनी खिडकीत उन्हाला पसरली होती. मला पाहताच ती टुणकन उडी मारून त्यांच्या पायांमागे लपली.

"घाबरू नकोस गं," ते वाकून तिला म्हणाले, "त्या तुला न्यायला नाही आल्या."

मग माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "नाही ना?"